उघडीप मोजा: माळव्यात झाडे लावणाऱ्यांसाठी नवतपा ते हस्त

'डग डग रोटी, पग पग नीर' ही माळव्याची जुनी ख्याती. आता ती बोअरची खोली विचारल्याशिवाय पटत नाही. इंदूर, सांवेर, देपाळपूर, महू या पट्ट्यात वर्षाला नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस धरला जातो आणि बऱ्याच वर्षी बेरीज तेवढी भरतेही. बिघडली आहे ती वाटणी. चार दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो, मग पंधरा-वीस दिवस आभाळ नुसते दाटून येते. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच्या आदल्या वर्षीचा मार्च तोवरच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च होता आणि २०२४ हे सबंध वर्षच उष्णतेत पहिले आले.

सोयाबीन गेले तर एक हंगाम जातो. आषाढात लावलेले रोप मात्र श्रावणातल्या खंडात मान टाकते आणि आपण कारण शोधतो रोपवाटिकेत. तेव्हा यंदा बांधावर, पडीक तुकड्यावर किंवा घरामागे झाडे लावणार असाल तर 'पाऊस किती झाला' एवढेच पाहू नका. शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले आणि तेवढे दिवस आपले रोप काढू शकते का, हे पाहा. पुढचे सगळे काम या एका हिशेबावर बसवले आहे.

हवा पाणी ओढते म्हणजे काय

झाड पाणी पिते असे आपण म्हणतो. खरे तर हवा ते झाडातून ओढून घेते. आर्द्रता तीच २० टक्के धरली तरी ४० अंशांवरून ४२ अंशांवर गेल्यावर ही ओढ साधारण ११ टक्क्यांनी वाढते. दोन अंशांनी काय बिघडते, असे विचारणाऱ्याला हे एवढे उत्तर पुरे.

ओढ वाढली की पान आपली रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कर्बवायू आत जायची वाटही तीच असल्याने अन्न तयार होणे मंदावते. औद्योगिक युगाआधी हवेत दहा लाखांत २८० भाग असलेला हा वायू आता ४२० भागांच्या वर गेला आहे. म्हणून झाडे आपोआप फोफावतील, असे अनेक जण ठासून सांगतात. पाणी, नत्र आणि स्फुरद मुबलक असेल तिथे थोडा फायदा होतोही. पण खोड जाड होण्यासाठी सालीखालच्या नव्या पेशी पाण्याने फुगाव्या लागतात. पाण्याचा ताण पडला की अन्न बनणे थांबण्याआधीच ही फुगवण थांबते. वाढ सगळ्यांत आधी बंद पडते, पान पिवळे होते ते फार नंतर. त्यामुळे पान हिरवे आहे म्हणजे झाड वाढते आहे, ही समजूत सोडा.

ताण आणखी वाढला तर लाकडातल्या बारीक नळ्यांमधली पाण्याची अखंड धार तुटते आणि तिथे हवेचा बुडबुडा अडकतो. अशा बऱ्याच नळ्या निकामी झाल्या की शेंडा वरून खाली वाळत येतो. मग घागरीने पाणी ओतले तरी तो शेंडा परत हिरवा होत नाही. फुटलाच तर खालून फुटवा येतो. त्यात रात्रीही पूर्वीसारख्या निवत नाहीत. तापमान १० अंशांनी वाढले की झाडाच्या श्वसनाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे दिवसा कमावलेले रात्री खर्ची पडते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर आरायंत्रावर सागाचा ओंडका आडवा कापलेला पाहा. दर वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची एक ओळ दिसते, पुढे लाकूड घट्ट होत जाते आणि मग परत भोकांची ओळ येते. दोन ओळींमधले अंतर ही त्या वर्षाची वाढ, म्हणजेच कडी. चांगल्या पावसाच्या वर्षी ते रुंद असते, अवर्षणात कडी सुतासारखी बारीक होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या अशाच कड्यांवरून जुन्या मान्सूनचा माग काढला गेला आहे.

खड्डे: नवतप्याच्या आत

२५ मे ते २ जून हे सर्वांत कडक उन्हाचे मानलेले नऊ दिवस म्हणजे नवतपा. खड्डे त्याआधी उघडे हवेत, म्हणजे उन्हाने माती तापून हुमणीची अंडी-अळ्या आणि तणांचे बी बरेचसे मरते. लिंब, करंज, शिरस, बाभूळ अशा झाडांना ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा पुरतो. आंब्याला प्रत्येक बाजूने एक मीटर ठेवा. वरची एक वीत माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती तळाशी जाते.

काळ्या जमिनीत ट्रॅक्टरच्या ऑगरने खड्डे पाडणार असाल तर सावध. माती जराशी ओली असताना ऑगर फिरला की खड्ड्याची भिंत माठासारखी गुळगुळीत घोटली जाते. मुळे तिला भेदत नाहीत, आतल्या आत गोल फिरतात आणि जोराच्या पावसात खड्ड्याचा हौद होतो. दोन वर्षे ठीक वाढलेले झाड तिसऱ्या वर्षी वाऱ्याने मुळासकट कलंडते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. उपाय दोन मिनिटांचा आहे: पहारीने चारही बाजूंना उभे ओरखडे काढा आणि तळ वीतभर खणून मोकळा करा. त्यापेक्षा सोपे म्हणजे खड्डा चौकोनी खोदा. कोपऱ्यांतून मुळांना वाट मिळते.

४५ सेंटिमीटरच्या खड्ड्याला दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा. आंब्याच्या खड्ड्याला ४० ते ५० किलो शेणखत आणि एक किलो सुपर फॉस्फेट लागते. शेणखत कुजलेले म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारे, चहाच्या चोथ्यासारखे. अर्धकच्चे खत खड्ड्यात गेले की वाळवी आणि हुमणी दोघींना आमंत्रण, आणि पावसाच्या खंडात तहानलेले रोपच त्यांना सर्वांत आधी सापडते. तसे इंदुरात चांगल्या खताची सबब चालायला नको. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर देऊन, ढीग उलथत तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली आणि ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच जगभर गेली.

भरलेला खड्डा जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच ठेवा. दोन पावसांत माती बसते. सपाट भरलेल्या खड्ड्याची पुढे वाटी होते आणि त्यात बुंधा कुजतो.

जमीन पाहून झाड

आपल्याकडे दहा किलोमीटरवर जमीन बदलते. सांवेर-देपाळपूरकडची खोल काळी माती पाणी धरते, पण मुसळधार पावसात दोन-तीन दिवस चिखलही धरते. मुळांना तेवढे दिवस हवा मिळाली नाही तर ती गुदमरतात. अशा ठिकाणी एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा. बाभूळ, करंज, जांभूळ आणि नाल्याच्या काठाला अर्जुन इथे टिकतात. साग मात्र पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत लावू नका, कोणी कितीही उत्पन्नाचे आकडे दाखवले तरी.

महू, मानपूर, सिमरोलकडच्या मुरमाड उतारावर उलटे आहे. तिथे निचरा चांगला, पण पाणी थांबत नाही. लिंब, खैर, बोर, सीताफळ, आवळा, मोह, चारोळी घ्या. माती हातभर तरी खोल असेल तर साग. प्रत्येक रोपाच्या उताराच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला, तोंड चढाकडे. एकाच जातीची हजार झाडे लावण्यापेक्षा चार जाती मिसळलेल्या बऱ्या: एखाद्या वर्षाची कीड किंवा कोरड सगळ्यांना सारखी झोडपत नाही.

रोपे स्वतः करणाऱ्यांसाठी बियाण्याचा एक मुद्दा महत्त्वाचा. निंबोळी आणि मोहाचे बी जून-जुलैत गळते आणि दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण झपाट्याने उतरते. गोळा केले की गर धुऊन लगेच पिशवीत टाका, पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवू नका. बी एकाच झाडाखालचे नको, दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांचे मिसळा. आमचे मत असे की त्यातले निम्मे निमाडातून, खरगोन-खंडव्याकडून आणावे. तो भाग माळव्यापेक्षा दोन-अडीचशे मीटर सखल आणि त्यामुळे दीड-दोन अंश गरम आहे. आजचे निमाडचे हवामान उद्या आपल्या दारी येणार असेल तर त्यात मुरलेले बी हाताशी असलेले बरे. सगळे मात्र तिकडचे नको, कारण माळव्यात पौषात पाला, म्हणजे गोठलेले दव, पडतो आणि तो सोसण्याची सवय इथल्याच झाडांना आहे.

रोप घेताना

उंच रोप दिसायला छान असते, पण सहा बाय नऊ इंचांच्या पिशवीत दीड लिटरच्या आसपास माती बसते आणि त्यात मुळांना ओढता येईल असे पाणी असते जेमतेम पाव लिटर. वर पाने जितकी जास्त, तितके ते लवकर संपते. चार फुटी लवलवत्या रोपापेक्षा दोन-सव्वादोन फुटी, बुंध्याशी पेन्सिलीहून जाड असलेले रोप घ्या. दहांत एक पिशवी फाडून पाहू द्यावी असे सांगा. पांढरी टोके असलेली मुळे मातीभर पसरलेली असतील तर घ्या. तळाशी तपकिरी मुळांचा जिलबीसारखा वेढा असेल तर ते रोप जुने आहे. घ्यावेच लागले तर लावताना तळाची दोन बोटे माती मुळांसकट कापून टाका आणि वेढ्याला दोन ठिकाणी उभा छेद द्या. सावलीच्या जाळीखालून आणलेले रोप दोन आठवडे उघड्या उन्हात ठेवून, पाणी हळूहळू कमी करून काटक करा.

सागाचे स्टंप वेगळे. अंगठ्याएवढे जाड, १५ ते २० सेंटिमीटर मूळ आणि वर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोड. याला पानेच नसल्याने हवेला ओढायला काही नसते, म्हणून मृगाच्या पावसानंतरची उघडीप तो पिशवीतल्या रोपापेक्षा चांगली काढतो. ओल्या गोणपाटात ठेवा, चार दिवसांत लावून मोकळे व्हा. पहारीने भोक पाडून स्टंप सोडल्यावर माती बाजूने घट्ट ठोका. आत पोकळी राहिली तर मूळ वाळते.

लावणी: भेगा मिटल्यावर

मृगाचा पहिला पाऊस झाला की फोटोसकट लावणी उरकायची घाई असते. काळ्या मातीत हा पाऊस भेगांतून थेट खाली जातो, मधली माती कोरडीच राहते. दोन खुणा पाहा. एक, शेतातल्या भेगा पूर्ण मिटल्या पाहिजेत. दुसरी, बोटाएवढी जाड सळई हाताने दाबून ४५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. ती अडली तिथे ओल संपली. साधारण १०० मिलिमीटर पाऊस मुरल्यावर हे जमते. आपल्याकडे आर्द्रा संपता संपता आणि पुनर्वसूत बहुधा ही वेळ येते. पुष्य निघून गेला, म्हणजे ऑगस्ट उजाडला, आणि विहिरीचे पाणी हाताशी नसेल तर यंदा लावू नका. कोरडा काळ सुरू होण्याआधी मुळांना अडीच महिने तरी मिळायला हवेत.

ढगाळ दिवशी किंवा दुपारी चारनंतर लावा. पिशवी पूर्ण काढा, 'मुळे फोडतील प्लॅस्टिक' हा भ्रम आहे. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत. मोठ्या पानांच्या जातीची खालची एक तृतीयांश पाने कापा. काठी लावाल तर सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा.

खंड पडला तर

सरळ भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेला दिवस कोरडाच धरा. हवामान खातेही पावसाळी दिवस मोजताना हीच रेघ धरते. लावणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत सलग पाच दिवस कोरडे गेले की रोपाला पाच लिटर पाणी. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत दहा दिवसांचा खंड झाला की दहा लिटर.

रोज तांब्याभर पाणी घालणे मात्र बंद करा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आळ्यात दीड लिटर पाणी म्हणजे पाच मिलिमीटर पाऊस. तो कोरड्या काळ्या मातीत दोन-तीन सेंटिमीटर उतरतो आणि दुपारपर्यंत उडून जातो. शिवाय मुळे वरच्याच थरात रेंगाळायला शिकतात. त्याऐवजी आठवड्यातून एकदाच १५ लिटर दिले तर वीतभराहून खाली पोचते. पुढच्या मार्च ते जून हेच माप ठेवा. माणूसबळ नसेल तर आठ-दहा लिटरचा नीट भाजलेला साधा माठ रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. तो पाझरत राहतो. तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात.

आच्छादन जमीन ओली झाल्यावरच घाला. कोरड्या मातीवर घातले तर हलका पाऊस तेच पिऊन टाकते. सोयाबीनचा भुसा एकटा चिकटून गोधडीसारखा बसतो, त्यात तुराट्या किंवा वाळलेली पाने मिसळा. थर आठ-दहा सेंटिमीटरचा आणि खोडापासून चार बोटे दूर. हिवाळ्यात आळ्यात भेग दिसली की खुरप्याने माती हलवून ती बुजवा. रुंदावणारी भेग बारीक मुळे अक्षरशः तोडते. खंडात किंवा ऑगस्टनंतर युरिया देऊ नका, कोवळी पाने फुटतात आणि पाण्याची मागणी वाढते.

आधीच लावलेल्या दाट सागाचा हिशेबही करून पाहा. दोन बाय दोन मीटरवर एका झाडाच्या वाट्याला चार चौरस मीटर जमीन येते. ९५० मिलिमीटर पावसाचे हे झाले ३,८०० लिटर, आणि त्यातले वाहून व उडून बरेच जाते. पाच ते सात वर्षांत एकाआड एक झाड काढले की उरलेल्याचा वाटा दुप्पट होतो. विरळणी न करणे म्हणजे सगळ्यांनाच अर्धपोटी ठेवणे. तोडण्याआधी वनविभागाकडे परवानगीचे नियम पाहून घ्या, सागाला ते लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पानांची चाळण करणारी अळी दिसली तर घाबरून फवारे मारू नका. मोठा साग त्याने मरत नाही, त्या वर्षीची कडी तेवढी बारीक होते.

आंब्याचे थोडक्यात: मोहोर फुटायला थंड रात्री आणि त्याआधी थोडा पाण्याचा ताण लागतो. ऑक्टोबर ते मोहोर येईपर्यंत मोठ्या झाडाचे पाणी तोडा, फळ वाटाण्याएवढे झाल्यावर सुरू करा. फेब्रुवारी आधीच तापला तर मोहोराऐवजी पालवी येते; त्या वर्षी पाणी वाढवून काही परत मिळत नाही.

आग आणि औषध

बांधावरची झाडे नुसत्या कोरडीने मरत नाहीत, नरवाईच्या, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांच्या, आगीतही होरपळतात. एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई जाळली की ज्वाळा बांधावर दोन मिनिटे रेंगाळते. खोड काळे पडते एवढेच दिसते, पण सालीखालचा वाढीचा थर शिजलेला असतो. नखाने साल खरवडा: खाली हिरवट ओले असेल तर झाड जिवंत आहे, तपकिरी असेल तर त्या बाजूचे गेले. गव्हातले रुंद पानांचे तण मारायला टू-फोर-डी फवारताना वारा बांधाकडे असेल तर कोवळ्या रोपांची पाने पिळवटतात आणि दोष मात्र विषाणूवर जातो.

चोरल-मानपूरच्या जंगलालगत ज्यांची जमीन आहे त्यांनी जानेवारी संपण्याआधी कडेने तीन मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून साफ करावा. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत आहे आणि मार्चमध्ये ती आग जंगलात शिरते. पाला झाडून बाजूला करा, किंवा झाडाखाली जाळी अंथरा. फुले स्वच्छ मिळतात आणि खालची उगवती रोपे वाचतात, ज्यांना या उष्ण वर्षांत आधीच पाय रोवणे कठीण झाले आहे.

हस्तात एकदा फेरी

सप्टेंबरच्या अखेरीस प्रत्येक रोप मोजा. मेलेले उपटून मूळ पाहा: कुरतडलेले असेल तर वाळवी किंवा हुमणी, काळे आणि वास मारणारे असेल तर साचलेले पाणी, पिशवीच्या आकाराबाहेर गेलेच नसेल तर उशिरा किंवा कोरड्यात लावलेले. पुढच्या वर्षी खाडे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरताना हीच चूक दुरुस्त करायची असते. डिसेंबर-जानेवारीत दव गोठून पाला पडण्याची चिन्हे दिसली, म्हणजे आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, तर संध्याकाळी हलके पाणी द्या आणि रोपावर गवताची खोपी करा, पूर्वेची बाजू उघडी ठेवून. तीच खोपी मार्चपासून पश्चिमेच्या उन्हाला आड येईल अशी फिरवा.

पावसाळा संपल्यावर आणि परत मेअखेरीस दोन वर्षांवरच्या झाडांच्या खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. दुपारच्या उन्हाने नैऋत्येकडची साल तडकते आणि तिथून बुरशी शिरते. पेस्ट बुरशी अडवते आणि तिच्यातला चुना थोडे ऊनही परतवतो. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये विरवा, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, लोखंडी बादली नको. लावण्याआधी त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर आणखी चुना घाला.